बोडीची पाळ: मातीचा छोटा बांध पाणी कसं धरतो आणि कसा फुटतो

आमच्या बोडीच्या पाळीखाली, शेताच्या बाजूला एक ओलसर जागा आहे. तिथली हरळी बारा महिने हिरवी असते आणि पावसाळ्यात करंगळीएवढी धार वाहते. नवा माणूस ती बघून दचकतो, "अहो, तुमचा बांध गळतोय!" माझे आजोबा अशा वेळी वाद घालत नसत. घरून काचेचा पेला आणायला सांगत, तो धारेखाली धरून भरत आणि पाळीवरच्या दगडावर ठेवून देत. मग शेतातली दोन कामं उरकून यायची आणि पेल्याचा तळ बघायचा. तळाशी मातीचा कण दिसला नाही, की ते पेला पालथा करून म्हणत, "पाणी साफ आहे, चालते."

लहानपणी मला ती त्यांची एक सवय वाटायची. पुढे मातीच्या धरणांविषयी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की मोठ्या धरणांवर अभियंते गळतीचं पाणी मोजतात आणि त्यात माती येते का ते बघतात, त्यातला हा अर्धा भाग आजोबा पेल्याने करत होते. दुसरा अर्धा, म्हणजे धारेचं पाणी मोजणं, आम्ही नंतर शिकलो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बोडी म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीतला छोटा तलाव. उताराच्या जागी तीन बाजूंनी मातीची पाळ घालायची आणि वरची बाजू उघडी ठेवायची. तिकडून पावसाचं पाणी उतरून येतं आणि पाळीशी अडतं. या बोड्या मुळात धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी झाल्या. पण पाळीखाली विहीर खणली, की तिला सहसा उन्हाळ्यातही पाणी राहतं. आमच्या पाळीखालच्या विहिरीवर मे महिन्यात अर्धं गाव येतं. सातबारा आमचा आहे, तहान गावाची आहे. म्हणून ही माती पाणी कशी धरते, ते आमच्या घराइतकंच गावालाही माहीत असायला हवं असं मला वाटतं.

मापं आधी सांगून ठेवतो, पुढे हिशेबाला लागतील. पाळ नाल्याच्या तळापासून चार मीटर उंच आणि सव्वाशे मीटर लांब. बोडी पूर्ण भरली की सर्वांत खोल जागी तीन मीटर पाणी, पसारा दोन हेक्टर, साठा सुमारे ३० हजार घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तेव्हा हे झालं तीन कोटी लिटर.

पाण्याचा रेटा आणि मातीची रुंदी

बरेच जण विचारतात, एवढ्या पसरलेल्या पाण्याचा भार ही मातीची पाळ सोसते कशी? पाण्याचा दाब पसाऱ्यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. तलाव दोन हेक्टरचा असो वा दोनशे हेक्टरचा, तीन मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला तीन टनांनी दाबणार. म्हणून पाळीची उंची मीटरभर वाढवणं हे दिसतं त्यापेक्षा फार मोठं काम असतं. पाणी वाढतं, तळाचा दाब वाढतो, आणि तो पेलायला पायाही रुंदावा लागतो.

दगडी भिंत सरळ उभी राहू शकते, माती राहत नाही. तिला दोन्हीकडे उतार द्यावा लागतो. आमच्या पाळीला पाण्याच्या बाजूने एकास तीन आणि कोरड्या बाजूने एकास दोन असा उतार आहे. चार मीटर उंचीला पाण्याकडे बारा मीटर, शेताकडे आठ, वर तीन मीटरचा माथा. म्हणजे पुरुषभर उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त असलेल्या पाळीचा पाया तेवीस मीटर रुंद. पाण्याकडचा उतार जास्त पसरट का? भिजलेली माती कोरड्या मातीपेक्षा अशक्त असते. शिवाय बोडी झपाट्याने रिकामी केली, तर बाहेरचं पाणी उतरतं आणि मातीच्या पोटातलं पाणी मागे राहतं. आतून ढकलणारं पाणी आहे, पण बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं, अशा वेळी पाण्याकडचा उतार घसरून खाली येतो. म्हणून घाईच्या वेळीसुद्धा साठा बेताबेतानेच उतरवावा लागतो.

गळती सगळीकडे असते

मातीचा प्रत्येक बांध पाझरतो. मातीच्या कणांत फट असतेच, आणि एका बाजूला तीन मीटर पाणी उभं असलं की ते दुसरीकडे जायची वाट काढतंच. चांगला बांध या पाझराला खूप लांब, खूप सावकाश वाट देतो आणि शेवटी त्याला गाळून बाहेर सोडतो.

त्यासाठी पाळीच्या पोटात दोन प्रकारची माती घालतात. मधोमध गाभा काळ्या चिकण मातीचा, त्यातून पाणी मुंगीच्या पावलाने सरकतं. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण, ते वजन देतं आणि आकार धरतं. नुसत्या काळ्या मातीची पाळ का घालू नये? कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. तशी भेग उघड्या पाळीला पडली, तर पहिल्या पावसाचं पाणी थेट त्या भेगेत शिरेल. मुरमाच्या पांघरुणाखाली काळी माती ओलसर राहते, म्हणून एकसंध राहते.

गाभा जमिनीच्या वरूनच सुरू केला तर काही उपयोग नाही. खाली वाळू किंवा सैल मुरूम असेल तर पाणी पाळीखालून निघून जाईल. म्हणून आधी पाळीच्या रेषेत चर खणतात, तो कठीण थराला लागेपर्यंत नेतात आणि त्यातही काळी मातीच ठासून भरतात. पाळ झाल्यावर हा चर कुणाला दिसत नाही. त्यामुळे काटकसर करायची झाली की पहिली कात्री यालाच लागते, आणि ती चूक वर्षानुवर्षं पाळीच्या बुडाशी ओली होऊन दिसत राहते.

आता धोका कुठे आहे ते बघू. पाझरणारं पाणी पाळीच्या पायथ्याशी जिथे बाहेर पडतं, तिथला मातीचा एक कण सुटून वाहून जातो. त्याच्या मागचा कण उघडा पडतो, तोही जातो. बीळ असं शेताकडून सुरू होतं आणि उलटं, पाण्याच्या दिशेने, आत सरकत जातं. जितकं आत जाईल तितकी पाण्याची उरलेली वाट आखूड होते, आखूड वाटेने पाणी जोरात येतं, आणि जोराचं पाणी जास्त कण नेतं. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की कालपर्यंत स्वच्छ असलेली धार आज चहासारखी झाली आहे. बीळ तलावाच्या पाण्याला भिडलं की मग वेळ तासांत मोजावा लागतो.

आजोबांच्या पेल्याच्या तळाशी बघायचं होतं ते हेच. साफ पाणी म्हणजे नुसतं पाणी बाहेर येतंय. गढूळ पाणी म्हणजे पाळ बाहेर येतेय.

धार किती आहे हेही महत्त्वाचं. आम्ही पंधरा लिटरची बादली धारेखाली धरतो, ती भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहितो, आणि शेजारी त्या दिवशीची बोडीची पातळी. बोडी भरली की धार वाढणार, उतरली की कमी होणार, यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळी तीच असून बादली मागच्या वर्षीपेक्षा लवकर भरायला लागली, तर पाणी साफ असलं तरी जाणत्या माणसाला बोलवायची वेळ झाली.

पायथ्याशी शक्यतो दगड, खडी आणि वाळूची गाळणी असावी. आतून बाहेर जाताना आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड. वाळूतून मातीचा कण जाऊ शकत नाही, खडीतून वाळूचा जाऊ शकत नाही, पाणी मात्र सगळ्यांतून निघून जातं. गढूळ धार दिसली तर तातडीचा उपायही याच युक्तीचा. गावात सगळ्यांचा पहिला हात चिखलाकडे जातो, गोळा घेऊन भोक बुजवायचं. असं करू नये. शेताकडून तोंड बुजवलं की पाणी पाळीच्या आत तुंबतं आणि दुसरीकडून, बहुधा जास्त वर, फोडून निघतं. धारेवर आधी वाळू टाकावी, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड, म्हणजे पाणी येऊ द्यायचं आणि माती अडवायची. सोबत साठा उतरवायला घ्यायचा, आणि नाल्याच्या काठी घरं असतील तर ती माणसं पाळीचं काय होतंय याची वाट न बघता उठवायची.

थर, मूठ आणि धुम्मस

पाळ घालताना माती एकदम ओतून चालत नाही. वीतभर जाडीचा, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटरचा थर पसरायचा, बेताचं पाणी शिंपडायचं, दाबायचा, मग पुढचा थर. पाणी किती शिंपडायचं याची जुनी चाचणी हाताचीच आहे. मूठभर माती दाबायची. मूठ उघडल्यावर गोळा झाला, बोटांना चिखल लागला नाही, आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर त्याचे दोनचार तुकडे झाले, तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी, पचकन बसला तर जास्त ओली. कोरड्या मातीत कणांमध्ये हवा राहते आणि जास्त ओलीत पाणी राहतं, दोन्हीत माती घट्ट बसत नाही. पूर्वी थरांवरून बैल फिरवत आणि कडेला धुम्मस चालवत, आता रोलर येतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेली पाळ वरून सपाट दिसते, आत मात्र चाकोऱ्यांमधली माती सैल राहते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पाळीतून जाणारा पाइप. गोल पाइपाच्या पोटाखाली रोलर पोचत नाही, धुम्मसही नीट लागत नाही. तिथे माती सैल राहिली की पाण्याला पाइपालगत तयार वाट मिळते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्याची सुरुवात पाणी सोडण्याच्या बोगद्याजवळूनच झाली होती. काम अर्धवट होतं, बोगद्याभोवतीचा भराव खचत गेला, धरणाचा माथा खाली बसला आणि त्यावरून पाणी गेलं. त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुणे बुडालं. पानशेत आमच्या बोडीपेक्षा कितीतरी पटीने मोठं, पण हे दुखणं चार मीटरच्या पाळीलाही तसंच होतं.

आमच्याकडच्या जुन्या तलावांत पाणी सोडायला तुडूम असतं. पाण्यात उभ्या असलेल्या दगडी रचनेत एकाखाली एक भोकं, त्यांना खुंट्या. पाणी उतरेल तशी खालची खुंटी काढायची. यामुळे पाणी नेहमी वरच्या थरातलं, गाळ नसलेलं मिळतं, आणि एका वेळी थोडीच खोली उघडली जाते म्हणून जोरही बेताचा राहतो. मोठ्या धरणांत पाणी सोडायला पाण्यात उभे असलेले विमोचक मनोरे असतात, त्यांचं तत्त्व हेच आहे.

सांडवा

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. मातीच्या बांधावरून पाणी कधीही जाता कामा नये. दगडी बंधाऱ्यावरून गेलं तर त्याला सहसा काही होत नाही, मातीचा बांध मात्र त्याने वाहून जातो. म्हणून पाळीच्या एका टोकाला, शक्य तो मूळच्या कठीण जमिनीत, माथ्यापेक्षा खाली एक रुंद वाट ठेवतात. तो सांडवा, आमच्या भागात सलंग. बोडी भरली की जास्तीचं पाणी तिथून सुरक्षित निघून जातं.

आमचा सांडवा सहा मीटर रुंद. त्याचा उंबरा पाळीच्या माथ्यापासून एक मीटर खाली. त्या मीटरपैकी साठ सेंटिमीटर पुराच्या पाण्यासाठी, आणि वरचे चाळीस लाटांसाठी, माती खचण्यासाठी राखीव.

हे पुरेसं आहे का, याचा हिशेब कुणालाही करता येतो. आमच्या बोडीत वीस हेक्टरांवरचं पाणी येतं. ढगफुटीसारखा तासाभरात ७५ मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस हेक्टरांवर १५ हजार घनमीटर पाणी पडलं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं दोन तृतीयांश धरू, १० हजार घनमीटर वाहून येईल. तासाला १० हजार म्हणजे सेकंदाला साधारण २.८ घनमीटर. सांडव्यावरून मीटरभर जाडीचं पाणी वाहत असेल, तर रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला सुमारे १.७ घनमीटर पाणी जातं. साठ सेंटिमीटर जाडीला ते ०.७९ वर येतं. सहा मीटर रुंदीला झालं ४.७. येणार २.८, जाऊ शकतं ४.७, तेव्हा पाळ निर्धास्त.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाहणाऱ्या पाण्याची जाडी अर्धी झाली तर सांडव्याची ताकद अर्धी होत नाही, जवळपास एक तृतीयांश होते, कारण पाणी पातळ होतं आणि हळूही होतं. साठाऐवजी तीसच सेंटिमीटर मिळाले, तर आमच्या सांडव्यातून सेकंदाला ४.७ ऐवजी जेमतेम १.७ घनमीटर पाणी जाईल.

हा हिशेब मी इतक्या तपशिलाने का सांगतोय, त्याला कारण आहे. मी नववीत असताना एका वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बोडी कशीबशी सांडव्यापर्यंत आली आणि काकांनी उंबऱ्यावर वाळूची पोती रचली. तीस सेंटिमीटर. दोन हेक्टरांवर तीस सेंटिमीटर म्हणजे साठ लाख लिटर जादा पाणी, फुकट. कोरड्या वर्षात हा मोह कुणालाही होईल, आणि गावात सगळ्यांनी काकांची तारीफच केली. पाळीच्या मध्यावरून आमची बैलगाडी जायची, तिथे चाकोरीने माथा चाळीस सेंटिमीटर खाली बसला होता, हे रोज तिथून जाणाऱ्या कुणाच्याच डोळ्यांना टोचलं नव्हतं. माथ्यापासून उंबरा एक मीटर. तीस पोत्यांनी खाल्ले, चाळीस चाकोरीने. उरले तीस.

पंधरवड्याने रात्री पाऊस कोसळला. कंदील घेऊन आम्ही पाळीवर गेलो तेव्हा चाकोरीवरून पाणी शेताकडे उतरायला लागलं होतं, पोळीएवढं पातळ. दिसायला काहीच नव्हतं. पण पाळीच्या शेताकडच्या उतारावर, पायथ्याजवळ, त्या पातळ पाण्याने पायरीसारखा खड्डा पाडला होता आणि त्याची वरची कड ढेकळाढेकळाने तुटून वर माथ्याकडे येत होती. मी कंदील धरून उभा होतो, आणि बघता बघता ती कड हातभर वर आली. आजोबा काकांना एक शब्द बोलले नाहीत. विळा घेऊन सांडव्यावर गेले आणि पोती फाडली. पाऊस ओसरत होता म्हणूनही असेल, पण तासाभरात पाणी वीतभर उतरलं आणि चाकोरी कोरडी पडली. सकाळी पाळीच्या अंगावर माझ्या छातीपर्यंतची घळ होती. माथ्यापासून दोन हात खाली थांबलेली.

माती वरून जाणाऱ्या पाण्याने कशी तुटते हे मी त्या रात्री बघितलं. पायथ्याकडून वर. म्हणून पाळीवर उभं राहून पुरेसं कळत नाही, पुराच्या दिवसांत खाली उतरून शेताकडचा उतार बघावा लागतो. आणि सांडव्यावर पोतं, फळी, मासे अडवायची जाळी, काही म्हणजे काही लावू नये. जाळीत पालापाचोळा अडकला की तिची भिंत होते.

गाव किती पितं, ऊन किती पितं

पिण्याच्या पाण्याचा हिशेब छोटा आहे, पण तो केला की डोळे उघडतात. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर. ९०० वस्तीच्या गावाला रोज सुमारे ५० हजार लिटर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठ महिन्यांचे १ कोटी २० लाख लिटर. याच आठ महिन्यांत ऊन आणि वारा बोडीच्या पाण्याची साधारण मीटरभर उंची उडवून नेतात. पसारा हळूहळू आक्रसतो हे धरूनही ते पाणी गावाच्या या आठ महिन्यांच्या पाण्याएवढंच भरतं. म्हणून पसरट उथळ बोडीपेक्षा लहान खोल बोडी पिण्यासाठी बरी, आणि गाळ काढण्याला एवढी किंमत. फक्त गाळ काढताना पाळीच्या पायथ्यापासून लांब राहावं. जेसीबीवाला पाळीलगत खोल करायला लागला, तर चिकण मातीचा थर फाडून तो पाण्याला पाळीखालची वाट मोकळी करून देतो.

बोडीतलं पाणी थेट पिऊ नये, त्यात गुरं उतरतात. पाळीखालच्या विहिरीत तेच पाणी जमिनीतून गाळून येतं आणि दिसायला निर्मळ असतं, तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पाण्याचा रंग बघायची चाचणी, करावी, पिवळी झाक आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा.

पाळ कुणाची?

आमच्या भागातले मोठे तलावही एकेकाळी खाजगीच होते. गोंड राजवटीत कोहळी समाजाने हे तलाव बांधले, आणि त्या विद्येत त्यांच्या तोडीचं या मुलखात कुणी नव्हतं. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात, आणि त्यांना पुढे लोकांनी कोलासुर देव म्हणून पुजलं. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांच्या, मालकीचे राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव. बोड्या मात्र शेतकऱ्यांकडेच राहिल्या.

मालगुजारीचं गुणगान मला करायचं नाही. पण तलाव फुटला तर कुणाचं नाव पुढे येणार हे तेव्हा ठरलेलं होतं. १८७४ चा एक निवाडा यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. मद्रास इलाख्यातल्या कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव मोठ्या पावसात फुटले आणि रेल्वेचं नुकसान झालं. मद्रास रेल्वे कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. इंग्लंडमध्ये नुकताच, १८६८ मध्ये, असा निकाल लागला होता की स्वतःच्या जमिनीत पाणी साठवणाऱ्याने ते सुटून झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची, चूक असो वा नसो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या वेळच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, तो नियम इथे लावला नाही. या देशात शेती तलावांवर जगते, तलाव राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे, तेव्हा त्याने हयगय केली असेल तरच तो जबाबदार, असं ठरलं. म्हणजे पाणी साठवलं यात दोष नाही, पण राखण केली नाही तर आहे.

आज कायदा कुठे आहे? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर येतात, उदाहरणार्थ साठा दहा लाख घनमीटर किंवा जास्त असेल तर. दहा मीटरच्या आतली गावतळी, पाझर तलाव, बोड्या त्याच्या बाहेर. म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. आणि मोठी धरणंही नुसत्या कागदाने टिकत नाहीत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांच्या बिळांवर बरीच चर्चा झाली. खेकडे, उंदीर, घुशी पाळ पोखरतात हे खरंच आहे, आमच्याही पाळीत दरवर्षी बिळं सापडतात. ती पावसाळ्याआधी खणून, चिकण माती थराथराने ठासून बुजवावी लागतात. झाडांचंही तसंच. बाभूळ, पिंपळ रोप असतानाच उपटावं. मोठं झाड तोडलं तरी मूळ आत कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी उरते. पाळीवर हरळी असावी, आणि ती आखूड असावी, म्हणजे बीळ, भेग, ओल डोळ्यांना दिसते.

त्या रात्रीनंतर आमची बैलगाडी पाळीवरून गेली नाही. चाकोरी कोरून काढून तिथे नव्याने थर भरले. आता दर एप्रिलमध्ये, बोडी खाली गेलेली असताना, मी आणि माझी पुतणी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पाळीवर जातो. सांडव्याच्या उंबऱ्यावर खुणेचा दगड आहे, तिथपासून दर दहा मीटरला माथ्याची उंची बघतो. यंदा तेरा जागांपैकी अकरा ठीक निघाल्या. विहिरीसमोरची एक नऊ सेंटिमीटर खाली बसली आहे, तिच्या पुढची बारा. पुतणीने वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे, आणि मुरमाची ट्रॉली पुढच्या आठवड्यात सांगितली आहे.